फुलचोकीचा बादशहा आणि कळमनुरीचे उस्ताद

चैत्रात हिंगोलीचा रंग एकच, पिवळा. हळद शिजते, वाळते, पॉलिशच्या ढोलात फिरते, आणि मार्केट यार्डाकडून वारं सुटलं की गाडीच्या काचेपासून कंडक्टरच्या मिशीपर्यंत सगळं नवरदेवासारखं माखून निघतं. अशा दिवसांत मी डेपोत रजेचा अर्ज दिला आणि कारण लिहिलं, फुलपाखरं बघायला नेपाळला जाणे.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "राठोड, लग्न, मयत, आजारपण, यातलं काय ते एक लिहा."

"साहेब, तिन्ही न्हाई. फुलपाखरं."

शेवटी त्यांनीच माझ्या हातातला पेन घेऊन 'देवदर्शन' असं लिहिलं आणि सही ठोकली. नेपाळ म्हटल्यावर पशुपतिनाथ आलाच, आणि देवाच्या रजेला कोणी नाही म्हणत नाही.

तर मी जाऊन आलो. जे गेले नाहीत त्यांना सांगायला बसलो आहे. पण आधी मी का गेलो ते कळायला हवं, आणि त्यासाठी गफूरभाईंना गाडीत बसवावं लागेल. म्हणजे स्टेअरिंगवर.

आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडले. मग कळमनुरीच्या बाजूला तांडा करून बसले आणि शेतीला लागले. हिंडायचं जे शिल्लक राहिलं ते माझ्या वाट्याला आलं. मी मिठाऐवजी माणसं लादतो, एवढाच फरक. गफूरभाई माझ्या गाडीचे ड्रायव्हर. वर्षानुवर्षं पुसेगाव, सेनगावच्या बाजूची गाडी आम्ही दोघांनी चालवली. मी त्यांना उस्ताद म्हणतो, ते मला मास्तर.

एकदा एक प्रवासी सीटवर फुलपाखरांच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक विसरून गेला. ते न्यायला कोणीच आलं नाही. मुक्कामाच्या गाडीला रात्री दुसरं काम काय? मी इंग्रजी नावं वाचायचो, गफूरभाई चित्रं डोळ्यांत भरून घ्यायचे. पाहता पाहता त्यांना अख्खं पुस्तक पाठ झालं. मला अजून झालेलं नाही.

पुढचा घोटाळा असा की फुलपाखरं दिसतात दिवसा, आणि दिवसा ड्रायव्हरचे डोळे रस्त्यावर. म्हणून आमची एक रीतच पडली. मी दारातून, खिडकीतून बघायचं आणि ओरडून वर्णन करायचं. त्यांनी मान न वळवता नाव सांगायचं.

"उस्ताद! डाव्या हाताला, बाभळीवर! पिवळं!"

"कौनसा पीला? पीला तो सरसों भी है, तेरे दांत भी हैं."

"हळदीसारखं."

"कच्ची के पकाई हुई?"

असा उलटतपास. मागून एखादी आजीबाई ओरडायची, "ओ मास्तर, पाखरू ऱ्हाऊ द्या, आधी माझं तिकीट फाडा!" मी पडलो गप्पिष्ट. लिंबोणीवरचं साधं फुलपाखरू मी वीतभर करून सांगायचो, आणि गफूरभाई गिअर टाकता टाकता ते परत बोटभर करून ठेवायचे. माझी एक बात त्यांनी कधी सुखासुखी चालू दिली नाही. वर म्हणायचे, "तेरेकू अल्लाने आंखें दी, पर बीचमें जबान लगाके दी."

त्या पुस्तकात एक पान होतं, अंगठ्यानं मळलेलं. कैसर-ए-हिंद. हिरवागार, मागच्या पंखावर पिवळा डाग, शेपट्या. आमच्यासाठी तो नुसता बादशहा. डोंगराच्या अगदी टोकावर, सकाळच्या उन्हात, झाडाच्या शेंड्याशी राहतो. काठमांडूजवळ फुलचोकी नावाचा डोंगर आहे, तिथं वसंतात दिसतो. गफूरभाई म्हणायचे, "हिंदका बादशाह नेपालमें बैठा है, और हम उसकी रैयत हिंगोलीमें. एक बार सलामकू जाना." ते रिटायर झाले की दोघांनी जायचं, असं ठरलं होतं.

ते रिटायर झाले, आणि लगेचच्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला.

हात सुधारला, पाय सुधारला, जीभही सुटली. डॉक्टर म्हणाले, बोलायला आता अडचण नाही, बोलतं करा. पण गफूरभाई बोलेनात. काहीही सांगा, एकच शब्द, "अच्छा."

निघण्याआधी मी कळमनुरीला त्यांच्या घरी गेलो. भाभींनी चहा ठेवला आणि सुरुवात केली. "देखो न भाई, मैं बोली रोटी जल गई, तो अच्छा. बिजली गई, तो अच्छा. जिस आदमीने जिंदगीमें मेरी एक बात बराबर है बोलके न्हाई बोला, उसकू अब सब अच्छा लगरा."

मी बाजेशी बसलो. "उस्ताद, नेपाळला जाऊन राहिलो. बादशहाला बघून येतो. रोज फोन करीन."

"अच्छा."

"तिथं म्या वाट्टेल ते फेकीन. पकडायला कोनी न्हाई."

"अच्छा."

भिंतीकडे बघून म्हणाले. ते उठून बसले नाहीत, रागावले नाहीत, 'फेकके तो देख' म्हणाले नाहीत. मी बाहेर येऊन चपला घालताना ठरवलं की फुलपाखरू दिसो न दिसो, या माणसाला माझ्याशी भांडायला लावायचं. फोटो पाठवून ते होणार नव्हतं. चित्रच बघायचं तर पुस्तक उशाशी होतंच.

गोदावरी

प्रवासाचं पुराण सांगत नाही. आयुष्यभर तेच केलं आहे. एवढंच सांगतो की आमच्या घरच्या, म्हणजे कमल, सोबत होत्या, आणि इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघं पहिल्यांदाच बसच्या एका सीटवर शेजारी बसलो. तिनं खिडकी घेतली. नेपाळचा कंडक्टर आला तेव्हा माझा हात सवयीनं खांद्यावरच्या, नसलेल्या बॅगेकडे गेला. कमल म्हणाली, "बसा गप. आज तुमी पाशिंजर हाव."

फुलचोकीच्या पायथ्याच्या गावाचं नाव काय असावं? गोदावरी. तिथं डोंगरातून एक झरा कुंडात उतरतो, आणि आपल्याकडच्या गोदावरीचंच पाणी इथं वर येतं असं तिथले लोक मानतात. कमलनं ओंजळभर पिऊन पाहिलं. "न्हाई बाई. आपल्या पान्याला चव हाय. हे नुसतं थंड हाय." नांदेडच्या घाटावरच्या पाण्याची बाजू घेणारी बाई मी परदेशातच पाहिली. घरी ती त्या पाण्याला नावं ठेवते.

आम्ही उतरलो एका दिदीच्या घरी. खाली तिचं चहाचं दुकान, वर दोन खोल्या. हिंदी सिनेमातून शिकलेलं तिचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. "पुतली हेर्न आउनुभएको?" तिनं पहिल्यांदा नेपाळीतच विचारलं, फुलपाखरं बघायला आलात का म्हणून, आणि इतक्या सहज विचारलं की मला आमचे साहेब आठवले. या मुलखात हे कारण रजेला चालत असावं.

जेवण दोन वेळा डाळभात. सोबत गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची आंबूस भाजी. पहिल्या दिवशी बरी लागली, दुसऱ्या दिवशी आवडली, आता आठवण येते. कमलनं पिशवीतून ज्वारीचं पीठ काढलं आणि दिदीच्या चुलीचा ताबा घेतला. भाकर थापण्याचा आवाज ऐकून शेजारच्या दोन बाया बघायला आल्या. हातावर पीठ गोल गोल मोठं होत जातं हा त्यांना जादूचा खेळ वाटला, आणि कमलनं तो जरा जास्तच फिरवून दाखवला. नाटकीपणाचा आरोप माझ्या एकट्यावर होतो, हे बरोबर नाही.

मी दिदीला सांगितलं, आम्ही मराठवाड्याची माणसं, तिखटाला भीत नाही. तिनं बोरासारखी गोल, लाल मिरची ताटात ठेवली. मी ती अख्खी तोंडात टाकली. पुढचं मला तुटक आठवतं. दिदी दह्याची वाटी घेऊन पळत येत होती आणि कमल म्हणत होती, "ऱ्हाऊ द्या, पहिल्यांदा गप बसले हायेत."

संध्याकाळी फोन लावला. भाभींनी तो गफूरभाईंच्या कानाला धरला.

"उस्ताद, इथली मिरची खाल्ली. पाच खाल्ल्या. डोळ्यात टिपूस न्हाई."

"अच्छा."

झऱ्याकाठी

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि झऱ्याकाठच्या ओल्या मातीत दरबार भरला. फुलपाखरं चिखलातलं मीठ प्यायला बसतात. आमच्या पूर्वजांचं हे गिऱ्हाईक मला फार उशिरा सापडलं. एक काळं, लांब पंखांचं, संथ उडणारं आलं. शेपटाकडे लाल ठिपके. ते विंडमिल. कमल म्हणाली, "ही कोन वो, काळी नऊवारी, लाल काठाची? कुटं घाई न्हाई तिला." मग पॅरिस पिकॉक उतरलं. काळ्या मखमलीवर हिरवी धूळ उडवलेली, आणि मागच्या पंखावर एकेक निळा-हिरवा तुकडा, असा की ढगाआडून ऊन आलं की तोच तेवढा पेटतो. तिथं एक हळदीकुंकूही होतं. आपल्याकडच्या हळदीकुंकू फुलपाखराचं कुंकू पंखाच्या काठाला असतं, पदराला लावल्यासारखं. इथल्याचं कुंकू पंखाच्या मुळाशी. जात एक, रिवाज वेगळा. हे मी मोठ्यानं म्हणालो आणि समोर कोणी ड्रायव्हर नाही हे लक्षात आलं.

मी घामेजलेली दस्ती, म्हणजे हातरुमाल, दगडावर वाळत टाकली होती. पंधरा मिनिटांत तिच्यावर फुलपाखरं बसली. मग माझ्या मनगटावर एक, गुडघ्यावर दोन. मला हलवेना. ऊन चढलं, पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली. कमल सावलीत बसून भुईमुगाच्या शेंगा खात होती. "हला की."

"उडतील ना."

"मंग बसा. घरी एका जागी बसा म्हनलं तं बसत न्हाई."

त्या संध्याकाळी मी पॅरिस पिकॉक परातीएवढं केलं. "उस्ताद, पंखाची हवा तोंडावर लागली."

"अच्छा."

पुढच्या दिवशी ओकलीफ दिसलं, पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान, मधली शीरसुद्धा काढलेली. खऱ्यावरच कोणी विश्वास ठेवणार नाही अशी ती चीज. तरी मी म्हणालो, "उस्ताद, ते झाडावर बसलं, शेळी आली, पान समजून खाऊन गेली."

मी फोन कानाला घट्ट दाबला. एखाद्या आंधळ्यानंसुद्धा या शेळीला हरकत घेतली असती.

"अच्छा."

मी फोन ठेवला. कमल अंथरुणं झटकत होती. "काहून छळून राहिले त्या मानसाला?"

"छळून न्हाई. उठवून राहिलो."

"असं उठत असतं व्हय?" ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "तुमालाच करमून न्हाई राहिलं."

ते खरं होतं. दिवसभर मी डोळ्यांनी बघायचो आणि कान मागं लागलेले असायचे, कोणीतरी 'कौनसा हरा?' म्हणेल म्हणून. कोणी म्हणत नव्हतं, आणि म्हणून मला काय दिसलं तेच पक्कं होत नव्हतं. थाप मारायला मजा येते ती पकडणारा समोर असतो म्हणून. एकट्यानं मारलेली थाप म्हणजे रिकाम्या गाडीत दिलेली डबल बेल.

त्यानंतरचा दिवस गारांनी खाल्ला. पत्र्यावर एवढा आवाज की दिदी काय म्हणते ते ओठांवरून ओळखायचं. 'चिया खानुस्, दाइ,' चहा घ्या दादा, एवढंच ती दर तासाला म्हणत होती. मी त्या दिवशी फोन केला नाही. सांगायला काही नव्हतं, आणि खोटंही सुचेना.

वर

शेवटच्या दिवशी पहाटे जीप केली. परतीची बस दुसऱ्या दिवशी सकाळी होती. रस्ता डोंगराला वेटाळत वर जातो, आणि जसजसं वर जावं तसतशी झाडं शेवाळ पांघरतात. गारांनी लालीगुराँसची फुलं रस्त्यावर अंथरली होती, लाल, मुठीएवढी. आपल्याकडे पळस फुलतो तेव्हा झाडाला पान नसतं. यांचं फूल भरल्या संसारात फुलतं. माथ्यावर फुलचोकी माईचं देऊळ, जवळच एक उंच टॉवर. पलीकडे बर्फाची रांग दिसते म्हणतात. आम्हाला ढग दिसले, तेही चांगले होते.

कमल देवीच्या पायाशी बसली. मी झाडांच्या कडेला उभा राहिलो.

धुकं फाटलं. ऊन आलं. एक पिवळसर फुलपाखरू गेलं, दोन तपकिरी भांडत भांडत वर चढली. आणि मग ओकच्या शेंड्यावरून काहीतरी हिरवं सुटलं. फार वेगात. वळलं, खाली आलं, एका पानावर टेकल्यासारखं झालं. मागच्या पंखावर पिवळं चमकलं. आणि ते दरीच्या बाजूला गेलं.

संपलं. एक तिकीट फाडायला लागतो तेवढा वेळ.

कमल आली. "काय झालं? चेहरा काहून असा केला?"

मी मोबाईल काढला. टॉवरच्या कृपेनं घंटी गेली. भाभींनी उचलला आणि त्यांच्या कानाला धरला असावा, कारण मला त्यांचा जड श्वास ऐकू आला.

"उस्ताद," मी म्हणालो. "आत्ता. काहीतरी गेलं. हिरवं होतं. शेंड्यावरून आलं. मागं पिवळं होतं, व्हतं म्हंजे... वाटलं. शेपटी म्या न्हाई पाहिली. बसलं का न्हाई ते बी मला बराबर सांगता येईना. आकार... आकार न्हाई सांगता येत, उस्ताद."

आयुष्यात इतकं भिकार वर्णन मी केलं नव्हतं. तांड्यातल्या शेळीनंसुद्धा जास्त सांगितलं असतं. मी 'अच्छा'ची वाट बघत राहिलो.

श्वास ऐकू येत होता. मग घसा खाकरल्यासारखा आवाज.

"धूप."

"काय?"

"धूप... किधर थी?"

मागं कुठंतरी भांडं पडलं आणि भाभी काहीतरी म्हणाल्या. मी वर पाहिलं. ऊन कुठं होतं? मी देवळाकडे पाठ करून उभा होतो का तोंड करून? ऊन जर समोरून असेल तर त्या उजेडात पानाआडचं कोणतंही फुलपाखरू हिरवं दिसलं असतं. ऊन पाठीवर असेल तरच तो हिरवा त्याचा स्वतःचा. मला माहीत नव्हतं. मी तिथं उभा होतो, माझ्याच डोक्यावर ते ऊन होतं, आणि मला माहीत नव्हतं.

"माहीत न्हाई, उस्ताद."

एकेक शब्द चढणीवरच्या गाडीसारखा आला. "तो फिर... क्या देखा, मास्तर? झाडी?"

मी खाली गवतात बसलो. कमल घाबरली, तिला वाटलं वाईट बातमी आहे. मी तिला फोन दिला. तिनं ऐकलं, आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "भाईजान, याहिले चांगलं झापा. आठ दिवस झाले, कोनी झापलं न्हाई."

जीपमधून दिदीच्या दुकानाशी उतरल्यावर मी म्हणालो, "उद्याची बस हाय."

"मंग?"

"मंग काही न्हाई."

कमलनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आवो, जिंदगीभर लोकायच्या मागं लागले, चला चढा, गाडी सुटून राहिली. एक गाडी आपली सुटू द्या." आणि ती आत गेली, दिदीला आणखी दोघांचा भात टाक म्हणून सांगायला. नेपाळी येत नसताना तिनं ते कसं सांगितलं कोण जाणे, पण रात्री ताटं आली.

दुसऱ्या दिवशी परत वर. आमची बस खाली कुठंतरी हॉर्न देऊन गेली असेल. मी देवळाच्या डाव्या अंगाला, सूर्याकडे पाठ करून जागा धरली. कमल शेजारी दगडावर बसली, तीही शेंड्याकडे बघत. फोन लावला आणि कानाशी तसाच चालू ठेवला. गफूरभाईंच्या अंगणातला कोंबडा मला ऐकू येत होता. माझ्याकडचा वारा त्यांना येत असेल.

"आया?"

"न्हाई अजून."

धुकं आलं, ओकची झाडं पुसून गेली, परत दिसू लागली.

"धूप?"

"पाठीवर हाय, उस्ताद. मान भाजून राहिली."

"हां." मग जवळपास पूर्वीच्याच आवाजात, "अब हिलना नक्को."

मी हललो नाही.